आपण कोणाच्या बाजूचे?

फ्रान्समधल्या कास्तेलनोच्या किल्ल्यावर लाकडाची अजस्र युद्धयंत्रं उभी करून ठेवली आहेत. त्यातलं सगळ्यात दांडगं ते त्रेब्युशे. एका टोकाला दगडमातीने भरलेली पेटी, दुसऱ्या टोकाला लांब दोरांची गोफण. पेटी खाली कोसळली की गोफण वर उसळते आणि तिच्यातला शंभरेक किलोचा धोंडा समोरच्या तटावर जाऊन आदळतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी आदळायचा. आता अंगात जाडाभरडा अंगरखा आणि पायात मात्र चकचकीत ट्रेकिंगचे बूट घातलेला एक तरुण पोरांना गोळा करतो, आधी फ्रेंचमध्ये आणि मग मोडक्या इंग्रजीत समजावतो, आणि दोर ओढायला दोन तुकड्या पाडतो. एक फ्रेंचांची, एक इंग्रजांची. "इंग्रज कोण होणार?" असं त्याने विचारल्याबरोबर लाल केसांच्या एका मुलाने असा काही हात वर केला, की सगळे खो खो हसले. त्याचे आईवडील सर्वात जास्त. इंग्रजच होते ते. मग फ्रेंच पोरांनी त्याला 'हूऽऽ' केलं, त्याने जीभ काढून दाखवली, आणि शतकभर चाललेलं एक युद्ध पाच मिनिटांत उरकलं.

माझा दहा वर्षांचा लेक गर्दीतून माघारी आला. दोर ओढायला गेलाच नाही. म्हणाला, "आई, आपण कोणाच्या बाजूचे?"

दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला, "ज्याच्या किल्ल्याचं तिकीट काढलं त्याच्या." सगळे हसलो. नवऱ्याने 'इंग्रजांच्या तर नक्कीच नाही' असं म्हणून विषय संपवला. पण माझ्या डोक्यात तो प्रश्न पुढची सगळी सुट्टी खुटखुटत राहिला. कारण या पोराला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. आमच्या सोसायटीत दरवर्षी वसुबारसेच्या आधीच मातीची पोती येतात, विटा गोळा होतात, हळीव पेरले जातात. चिखल कालवायला घेण्याच्या आधीच बाजू ठरलेली असते. महाराज वरती सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, आणि पायथ्याशी भाजीवाली, वासुदेव आणि कुठल्यातरी खेळण्याच्या पाकिटातून आलेला, प्रमाणाबाहेर मोठा वाघ. २०२५ साली आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा त्याने ती बाराही नावं साल्हेरपासून जिंजीपर्यंत एका दमात पाठ केली होती. किल्ला म्हटलं की आपला, हे त्याच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं उघड. बाजू नसलेल्या किल्ल्यात तो पहिल्यांदाच उभा होता. आणि विचार केला तर, मीही.

दादा तूलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्या मराठी मंडळींतले बरेचसे त्याच एका धंद्यात. बरीच वर्षं तो म्हणत होता, या एकदा. या वेळी मी अट घातली की पॅरिस नको, आयफेल टॉवरखाली फोटो नकोत, रांगा नकोत. मला कुठेतरी नुसतं पडून राहायचंय. तो म्हणाला, मग पेरिगोर. तूलूझहून गाडीने उत्तरेला दोन-अडीच तास. दोर्दोन्य नावाची एक नदी आहे, ती वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर, कड्याच्या टोकावर, कुणी ना कुणी किल्ला बांधून ठेवलाय. जिथे किल्ला नाही तिथे अक्रोडाची झाडं. आम्ही त्या नदीच्या अलीकडे, चारपाच घरांच्या एका वाडीत, पिवळट दगडाचं एक घर भाड्याने घेतलं. घराचे मालक एक निवृत्त इंग्रज जोडपं, ते शेजारच्याच कोठारवजा इमारतीत राहत. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

पडून राहणं ही गोष्ट आपल्याला जमत नाही. पहिल्याच दिवशी आमच्या नवऱ्याने यादी काढली. त्या यादीला वेसण घातली ती पेरिगोरच्या दुपारने. बारा वाजले की दुकानं बंद, टपाल कचेरी बंद, कुठे कुठे चर्चसुद्धा बंद, आणि दोनपर्यंत रस्त्यावर कुत्रं नाही. पुण्यातल्या एक ते चारची थट्टा आयुष्यभर ऐकलेली आम्ही माणसं. तिथे मात्र दुपारच्या बंदला संस्कृती म्हणतात. एकदा बंद दारासमोर उभे राहिल्यावर बसण्याखेरीज काही करता येत नाही. मग आम्ही बसलो. दगडी ओट्यावर, लिंडेनच्या सावलीत, पाव आणि बकरीच्या चिजाच्या लहान चकत्या मांडीवर घेऊन. तिथल्या भिंतींचा दगड मधाच्या रंगाचा आहे, तो दुपारभर ऊन पितो आणि संध्याकाळी हात लावला तर कोमट लागतो. मेअखेरीला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. इतका मोठा दिवस मिळाला की यादी आपोआपच निरर्थक होते. माणूस किती पाहणार?

सार्ला हे त्या भागातलं मोठं गाव. शनिवारी सकाळी तिथे आठवडी बाजार भरतो. स्ट्रॉबेऱ्या, अक्रोडाचं तेल, मधाच्या बरण्या, शतावरीच्या जुड्या, आणि बदकं. बदकं सगळीकडे. टांगलेली, डब्यात भरलेली, चरबीत बुडवलेली, पावावर फासायची. चौकात तीन हंसांचा ब्राँझचा पुतळा आहे, पोरं त्यांच्या पाठीवर बसून फोटो काढतात आणि त्यांचे आईबाप शेजारच्या दुकानातून त्याच पक्ष्याचं काळीज विकत घेतात. नवरा शाकाहारी. त्याचं सगळं जग पहिल्या आठवड्यात बटाट्यापुरतं उरलं. तिथे लसूण आणि अजमोद्यासारखी हिरवी पानं घालून परतलेले बटाट्याचे काप मिळतात, बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. दर जेवणाला त्याने तेच मागवले आणि वर आम्हाला ऐकवलं, की बघा, साध्या बटाट्याला काय चव आणतात हे लोक. ते काप बदकाच्या चरबीत परततात हे दादाला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने ते गाडी तूलूझच्या रस्त्याला लागल्यावर सांगितलं. त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

सार्लाचं जुनं गाव इतकं नेटकं आहे की सुरुवातीला मला त्याचा संशयच आला. मध्ययुगातल्या गल्ल्या, उतरत्या छपरांवर चपट्या दगडांचे थर, खिडक्यांना नक्षी, आणि कुठेही लोंबणारी वायर नाही. मग कळलं, की १९६२ साली आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना जुन्या वस्त्या वाचवायचा कायदा झाला आणि त्याखाली ज्या गावांचं काम सर्वात आधी हाती घेतलं, त्यात सार्ला होतं. त्याच्या आधी हे गाव पडक्या भिंतींचं आणि गरिबीचं होतं. ज्या कोणाला रस्ता रुंद करायला पैसे मिळाले नाहीत, त्यांच्यामुळे हे सगळं टिकलं. सांत-मारी नावाचं एक जुनं चर्च आता बाजाराची मंडई आहे. झाँ नुव्हेल या वास्तुकाराने त्याला पोलादाची प्रचंड उंच दारं बसवली आहेत. आत वेदीच्या जागी पनीर-चिजवाले उभे. देवळात भाजी विकायला बसले तर आपल्याकडे काय होईल याचा मी क्षणभर विचार केला आणि लगेच सोडून दिला. शेजारीच, मोठ्या चर्चसमोर, एतिएन द ला बोएसीचं घर आहे. हा १५३० साली इथे जन्मला, आणि अगदी पोरवयात त्याने विचारलं, की हजारो माणसं एका माणसाचं मुकाट्याने का ऐकतात? त्याच्याकडे सैन्य आहे म्हणून नव्हे, ती ऐकतात म्हणूनच त्याच्याकडे सैन्य आहे. घराच्या खिडक्यांवर इतकं कोरीवकाम आहे, की असला प्रश्न या घरातल्या मुलाला पडावा याचं नवल वाटतं. दादा म्हणाला, पोटभर जेवलेल्यालाच असले प्रश्न पडतात.

लेकाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून मी बेनाकला तटावरचे सगळे फलक वाचले. बेनाक म्हणजे कास्तेलनोच्या समोरचा किल्ला; मध्ये नदी. एकावरून दुसरा दिसतो. बेनाक फ्रेंचांकडे, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. चढ दमवणारा आहे, पायथ्याच्या गल्लीतून गुळगुळीत दगडांवरून वर जावं लागतं, आणि आत गेल्यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच तो मला आवडला. मोठमोठी रिकामी दालनं, चुलाण्यात उभं राहता येईल एवढं स्वयंपाकघर, एका कोनाड्यात येशूच्या शेवटच्या भोजनाचं फिकट भित्तिचित्र, आणि कड्यावर बाहेर काढलेला शौचकूप, ज्याच्या भोकातून थेट खाली झाडांचे शेंडे दिसतात. लेकाने हे शेवटचं सर्वात बारकाईने पाहिलं. मी मात्र फलकांमध्ये गुरफटले. आणि जसजशी वाचत गेले तसतशी बाजू नावाची गोष्ट हातातून निसटत गेली.

कारण इथे 'इंग्रज' म्हणजे जहाजातून उतरलेले परके लोक नव्हेतच. आक्वितेनची वारसदार एलेनोर हिने ११५२ साली हेन्री प्लांताजेनेशी लग्न केलं, दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा सगळा मुलूख सोयरिकीतून इंग्लंडच्या गादीकडे गेला. नंतरची तीनशे वर्षं इथला सरदार सकाळी कोणाचा आणि संध्याकाळी कोणाचा याचा भरवसा नव्हता. ज्याच्याकडून वतन टिकेल तो राजा. कास्तेलनो किती वेळा हात बदलत राहिला ते मोजणं मी सोडून दिलं. शेवटी १४४२ साली वेढा पडला तेव्हा इंग्रजांच्या किल्लेदाराने पैसे घेऊन किल्ल्या हवाली केल्या. हे वाचलं आणि मी एकटीच तिथे हसले. आपल्याकडे आदिलशाहीचा देशमुख मोगलांकडे, तिथून पुन्हा माघारी, आणि एका घरातले दोन भाऊ दोन फौजांत, हे चौथीच्या पुस्तकात नसतं, पण बखरीत पानोपानी असतं. विशाळगड आणि सिंहगड औरंगजेबाने शेवटी तोफांनी नाही, रोख मोजून घेतले. आमच्या पोराच्या दिवाळीतल्या किल्ल्यावर किल्लेदाराची खोली नसते, आणि तिच्यात पैसे मोजत बसलेला माणूस तर नसतोच नसतो.

तटावर वाऱ्याने टोपी उडेल इतका वारा होता. खाली नदीत पर्यटकांच्या सपाट तळाच्या होड्या. पूर्वी याच होड्यांतून ओकच्या फळ्या आणि दारूची पिंपं बोर्दोकडे जायची. प्रवाहाविरुद्ध परत आणणं परवडायचं नाही म्हणून कित्येक होड्या तिकडेच फोडून त्यांचं लाकूड विकून टाकत आणि खलाशी चालत घरी येत. पलीकडे मार्केसाकची बाग, जिथे दीड लाख खुरट्या झाडांना हाताने कातरून फुग्यांचे आकार दिलेत. त्या बागेत फिरणं म्हणजे उकडीच्या मोदकांच्या ताटातून मुंगीने चालत जाणं. नवऱ्याला ती फार आवडली.

मला जे सांगायचंय ते असं, की त्या किल्ल्यांवर मी इतकी निवांत होते, की मला त्याचीच टोचणी लागली. रायगडावर मी कधीही निवांत नसते. दोरवाटेच्या पाळण्यातून उतरल्याबरोबर आपसूक आवाज खाली येतो. समाधीपाशी चपला काढायच्या, माती कपाळाला लावायची, राजवाड्याच्या जोत्यांवरून चालताना इथे काय होतं आणि ते कसं गेलं हे आठवत राहायचं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज अधिकारी प्रॉथरच्या तोफांनी पोटल्याच्या डोंगरावरून मारा केला, गडावर दुसऱ्या बाजीरावाची बायको वाराणसीबाई होती, आणि जे लाकडाचं होतं ते सगळं जळालं. नंतर इंग्रजांनी कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्याच सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कोणी वर चढायलाच नको. तिथे आइस्क्रीम हातात धरून फिरणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आणि कास्तेलनोच्या तटावर मी स्वतः पिस्ता आइस्क्रीम खात होते, त्याच इंग्रजांच्या मुलाबरोबर हसत होते, आणि मला कसलंच काही वाटत नव्हतं. बरं, तो किल्लाही काही सुखात राहिलेला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी तो ओस पडला, एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याचे दगड काढून नेले, १९६६ साली त्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि मग भिंती पुन्हा उभ्या करून १९८५ मध्ये युद्धाचं संग्रहालय झालं. म्हणजे मी ज्या तटाला टेकले होते, त्यातला अर्धा कदाचित माझ्याच वयाचा असेल. आपल्याकडे कोणी असा तट नव्याने बांधला असता तर मी पहिली भांडले असते. तिथे मी म्हटलं, छान सावली आहे.

दुसऱ्यांचा इतिहास फार आरामशीर असतो.

त्या भागात 'बास्तीद' नावाची गावं आहेत. तेराव्या शतकात, युद्धाच्या तोंडावर, दोन्ही राजांनी आपापली माणसं वसवायला आखून बांधलेली. दॉम हे कड्यावरचं गाव फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपने १२८१ साली वसवलं, तर तिथून गाडीने तासाभराच्या आत असलेलं मोंपाझिए इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ साली. दोन्हीकडे काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध चौक, चौकात मंडई. मोंपाझिएच्या मंडईत धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. घराघरांमध्ये वीतभर रुंदीची फट सोडलेली आहे, आग एकाची दुसऱ्याला लागू नये म्हणून. सांडपाणीही तिथूनच जायचं. लेकाने त्यात शिरायचा प्रयत्न केला आणि खांद्याशी अडकला. चौकात पत्ते खेळत बसलेल्या एका आजोबांना दादाने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. ते म्हणाले, आमचं गाव इंग्रजांनी वसवलंय. ज्या सुरात कोणी 'आमच्या गावातली शाळा अमक्या गुरुजींनी काढली' म्हणेल, त्या सुरात. ना अभिमान, ना दंश. मी दादाला म्हटलं, विचार ना त्यांना, तुम्हाला काही वाटत नाही का? दादा म्हणाला, मी नाही विचारणार, मला इथे राहायचंय.

मला वाटलं, सातशे वर्षांत सगळंच बोथट होत असेल. आपल्या आणि १८१८ च्या मध्ये जेमतेम दोनशे वर्षं. अजून पाचशे गेली की रायगडाच्या पायथ्याशी कोणीतरी पोरांना विचारेल, इंग्रज कोण होणार, आणि पोरं हात वर करतील. हे गणित मला त्या दिवशी पटलं होतं. दोन दिवसांनी रूफिन्याकने ते मोडलं.

रूफिन्याकला आम्ही गेलो ते गुहेसाठी. आदिमानवाच्या चित्रांसाठी गाजलेली लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, तिथे जे दिसतं ती हुबेहूब नक्कल. रूफिन्याकची मात्र खरी. लहानशा विजेच्या गाडीत बसवून ते तुम्हाला डोंगराच्या पोटात नेतात. आधी अस्वलांच्या नखांचे ओरखडे, जमिनीत त्यांनी झोपायला केलेले खड्डे, आणि मग काळ्या रेषांचे मॅमथ. एकामागून एक. तेरा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी पाठीवर पडून, हातभर अंतरावरच्या छतावर ते काढले, म्हणजे काढणाऱ्याला स्वतःचं अख्खं चित्र एका नजरेत कधी दिसलंच नसणार. आणि त्याच छतावर, चित्रांच्या अंगावरून, गेल्या दोनतीनशे वर्षांतल्या हौशी मंडळींनी मेणबत्तीच्या काजळीने आपापली नावं लिहून ठेवली आहेत. ठळक, गिरवून. मला इतकं घरच्यासारखं वाटलं! नुसता बदाम आणि बाण तेवढा राहिला होता.

गुहेतून निघून कॉफीसाठी गावात गेलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग नवराच म्हणाला, इथलं काही जुनं का नाही? खरंच होतं. आजूबाजूच्या प्रत्येक खेड्यात पाचशे वर्षांची घरं, आणि इथे सरळ रेषेतली, एकाच घडणीची, आमच्या आजोबांच्या काळातल्या सरकारी क्वार्टर्ससारखी. फक्त चर्च जुनं, सोळाव्या शतकातल्या कोरीव दाराचं. त्याच्या बाहेरच्या फलकापाशी दादा वाचत थांबला आणि मग हळूहळू सांगायला लागला. ३१ मार्च १९४४. जर्मन सैन्याने गाव वेढलं, काही माणसं ओलीस नेली, बाकीच्यांना हुसकून बाहेर काढलं आणि घरांना आग लावली. चर्च आणि थोडकी घरं उरली. बाकी सगळं गाव युद्धानंतर नव्याने बांधलं.

कॉफी देणारी बाई साठीची असेल, म्हणजे तिने ते पाहिलेलं नाही. पण तिच्या आईने पाहिलेलं असणार. लेक चर्चच्या पायऱ्यांवर उड्या मारत होता, मी त्याला कधी नव्हे ती दटावून खाली बसवलं. कोणी सांगितलं नव्हतं. आवाज आपोआप खाली आला होता, पाळण्यातून उतरल्यावर येतो तसाच. तिथे अंगरखा घातलेला तरुण नव्हता, आणि 'जर्मन कोण होणार' असं सातशे वर्षांनीसुद्धा तिथे कोणी विचारेल असं मला वाटेना. मग प्रश्न वर्षांचा नाहीच का? की कास्तेलनोच्या वेढ्यात जे शेतकरी जळाले, ज्यांची धान्याची कोठारं दोन्ही बाजूंच्या शिपायांनी आळीपाळीने लुटली, त्यांच्याविषयी बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून तो खेळ झाला? परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, तू सुट्टीवर आहेस. मी म्हटलं, माहीत आहे.

शेवटी लेकाला थोडंफार उत्तर मिळालं ते ले मिलांदमध्ये, आणि तेही माझ्याकडून नाही. हा किल्ला तसा लढाईचा नव्हेच, १४८९ च्या सुमाराला कास्तेलनोच्या मालकाने राहण्यासाठी बांधलेला सुबक वाडा. पण लोक तिथे जातात जोसेफीन बेकरसाठी. १९०६ साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये जन्मलेली, गरीब घरातली काळी मुलगी. पॅरिसमध्ये येऊन नाचली आणि जगप्रसिद्ध झाली. १९३७ मध्ये ती फ्रेंच नागरिक झाली. तिच्या केळ्यांच्या स्कर्टपाशी थोडं अवघडून आम्ही पुढे सरकलो, तर पुढच्या दालनात तिचा लष्करी गणवेश. युद्धात ती फ्रेंच हेरखात्यासाठी काम करायची; गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईने मजकूर लिहून सीमेपार न्यायची. हा वाडा तिने १९४७ मध्ये विकत घेतला, वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या वर्णांची बारा मुलं दत्तक घेतली, त्यांना इथे वाढवलं, आणि कर्जात बुडाली. १९६९ साली तिला बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेला तिचा त्या वेळचा फोटो आहे. जगातली एके काळची सर्वात झगमगती बाई, आणि कोणाच्याही आजीसारखी, ओसरीवर रुसून बसलेली. २०२१ साली तिला फ्रान्सने पँथिऑनमध्ये, म्हणजे थोरांच्या राष्ट्रीय स्मारकात, मान दिला. ते वाडा गेल्यानंतर बावन्न वर्षांनी, आणि ती गेल्यानंतर शेहेचाळीस. मला त्या फोटोपुढून हलवेना.

बाहेर आल्यावर लेक मामाला म्हणत होता, "म्हणजे ती अमेरिकेची होती, पण तिने ठरवलं की मी फ्रान्सकडून." मामा म्हणाला, हो. "असं चालतं?" मामा जरा गप्प झाला. त्याच्या स्वतःच्या नागरिकत्वाचा अर्ज टेबलाच्या खणात भरून पडलेला आहे, हे मला वहिनीने सांगितलं होतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तिथे त्याची गाडी अडली आहे. "चालतं," तो म्हणाला, "कागद फार लागतात."

आता त्या घरमालकांबद्दल. इंग्रज इथे इतके आहेत, की इंग्लंडमधले लोक या भागाला थट्टेने 'दोर्दोन्यशर' म्हणतात, जणू इंग्लंडचाच एखादा जिल्हा. एमे नावाच्या गावात त्यांचा क्रिकेट क्लबसुद्धा आहे. नदीच्या खालच्या अंगाला कास्तियोंला १४५३ मध्ये ते शेवटची लढाई हरले, आणि साडेपाचशे वर्षांनी पेन्शन घेऊन परत आले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मालकीणबाईंनी आम्हाला अंगणात बोलावलं. अक्रोडाचा केक, घरच्या स्ट्रॉबेऱ्या, आणि काका आमच्या लेकाला गवतावर टेनिसचा चेंडू टाकत होते. ऑफस्पिन, आणि बरा वळत होता. मी बाईंना कास्तेलनोचा किस्सा सांगितला. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, आम्हाला इथे कोणी शत्रू मानत नाही हो, खरा घोळ वेगळाच आहे. ब्रेक्झिटपासून त्यांना इथे वर्षभर राहता येत नाही. त्यांनी वेळेत रहिवासाचा परवाना काढला नाही, कारण निम्मं वर्ष नातवंडांसाठी तिकडे जावं लागतं. आता परक्या पाहुण्यासारखं, कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस. स्वतःच्या घरात. ही जमीन एके काळी आमच्या राजाची होती, असं त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या, आणि स्वतःच पुन्हा हसल्या.

नवऱ्याचे डोळे चमकले. शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. कंपनीच्या कामासाठी वर्षानुवर्षं युरोपात ये-जा करून तो त्यातला शास्त्री झाला आहे. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि फोनवरचं एक कोष्टक उघडून बाईंना समजावायला लागला, की दिवस पुढून नाही मोजायचे, मागून मोजायचे. आज उतरलात तरी तो दिवस धरतात, निघालात तरी धरतात. बाई चष्मा लावून, आत जाऊन कॅलेंडर घेऊन आल्या. काकांनी गोलंदाजी थांबवली आणि तेही येऊन वाकून पाहू लागले. "थांब, थांब," बाई म्हणाल्या, "ऑक्टोबर परत दाखव. अक्रोड तेव्हाच पडतात."